जनुकं बघून औषध द्यावं हे डॉक्टरांना पटतं, मग चाचणी का होत नाही?

रेवा_औषधशास्त्र (धागाकर्ती)

अमेरिकेतल्या डॉक्टरांची एक मोठी पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. दहा हजारांवर डॉक्टरांनी उत्तरं दिली होती. पेशंटच्या जनुकांमुळे औषधाचा परिणाम बदलू शकतो, हे मान्य आहे का? ९७.६ टक्के म्हणाले, हो. या चाचण्यांची पुरेशी माहिती आहे असं वाटतं का? हो म्हणणारे १०.३ टक्के. गेल्या सहा महिन्यांत अशी एक तरी चाचणी सांगितलीत का? हो म्हणणारे १२.९ टक्के. बरं, ज्यांना प्रश्नावली पाठवली त्यांतल्या अगदी थोड्यांनी ती भरली होती. म्हणजे भरणारे बहुधा या विषयात रस असलेलेच असणार.

मी मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. हे आकडे सांगितले की वर्गातून ठरलेलं उत्तर येतं: डॉक्टरांना शिकवायला हवं. शिकवायला हवंच, पण अडचण तेवढ्यानं सुटेल असं मला वाटत नाही. चाचणी डॉक्टरच्या रोजच्या कामाच्या वाटेवर येतच नाही, हे खरं दुखणं आहे. जिथे ती वाटेवर आणून ठेवली तिथे साधे, गडबडीतले, आपल्यासारखेच डॉक्टर ती करतात.

उदाहरण कार्बामाझेपिनचं घेते. फिट येणाऱ्यांना आणि चेहऱ्यात विजेसारखी कळ मारणाऱ्यांना ही गोळी सर्रास दिली जाते. स्वस्त आहे आणि चांगली आहे. पण काही थोड्या जणांना तिच्यामुळे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो. तोंड, डोळे, जननेंद्रियं सोलवटतात, अंगाची कातडी सुटते, काहींचा जीव जातो. २००४ साली तैवानच्या संशोधकांनी असे ४४ पेशंट तपासले. ४४ च्या ४४ जणांत एचएलए-बी १५:०२ हा एकच जनुकप्रकार सापडला. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं आशियाई वंशाच्या पेशंटसाठी ठळक इशारा दिला. तैवाननं त्यापुढे जाऊन पाहिलं. ४,८७७ लोकांची गोळी सुरू करण्याआधीच चाचणी केली, ज्यांच्यात हा प्रकार निघाला त्यांना दुसरं औषध दिलं. जुन्या हिशोबानं त्यांतल्या दहाएक जणांना हा आजार व्हायला हवा होता. एकालाही झाला नाही. ही चाचणी तिथल्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात बसली. सिंगापूरनं २०१३ मध्ये तिला अनुदान दिलं आणि नव्यानं गोळी सुरू करताना आशियाई वंशाच्या पेशंटसाठी ती नेहमीच्या उपचाराचा भाग केली.

भारतीयांत हा प्रकार चिनी लोकांइतका नाही. साधारण दोन ते चार टक्के लोकांत आढळतो, काही समाजांत त्याहून जास्त. पण कार्बामाझेपिन घेणारे आपल्याकडे किती आहेत बघा. आणि आपली खबरदारी काय, तर "अंगावर पुरळ आलं तर गोळी बंद करून लगेच या." तेही सांगितलं गेलं तर.

इथे डॉक्टर मंडळी आहेत, लॅबमधले आहेत, पेशंटही आहेत. नेमकं कुठे अडतं ते लिहा. "जागृती हवी" एवढंच नको.

कृष्णाकाठ

हृदयविकारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस. माझं अडतं ते वेळेपाशी.

स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून देतात ते क्लोपिडोग्रेल पोटात जातं तेव्हा कामाचं नसतं, यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम त्याला कामाचं करतं. भारतीयांत निम्म्याच्या आसपास लोकांकडे या जनुकाची निदान एक प्रत कमजोर असते, दहात एकाच्या आसपास लोकांच्या दोन्ही. म्हणजे स्टेंट टाकलाय, गोळी नेमानं चालू आहे, आणि रक्त मात्र हवं तेवढं पातळ नाही. हे मला माहीत आहे, ओळखीच्या प्रत्येक कार्डिओलॉजिस्टला माहीत आहे.

आता रात्री दोनला हार्ट अटॅकचा पेशंट येतो. पहिला डोस मिनिटांत द्यायचा असतो. रक्ताची बाटली दुसऱ्या दिवशी कुरियरनं मुंबईला जाणार, रिपोर्ट यायला आठवडा. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा सर्वांत मोठा धोका पहिल्या महिन्यात असतो. त्यामुळे मी सरळ टिकाग्रेलॉर देतो. त्याला या एन्झाइमची गरज नाही, आणि आता भारतीय कंपन्यांचं मिळतं म्हणून परवडतंही. माझ्यापुरता प्रश्न मिटतो.

पण पुढे काही महिन्यांनी, धाप लागते म्हणून किंवा नाकातून रक्त येतं म्हणून किंवा खर्चामुळे, पेशंट क्लोपिडोग्रेलवर येतो. तेव्हा घाई नसते. तेव्हा चाचणी करता येईल. तरी आमच्यातले बहुतेक करत नाहीत, आणि त्याला कारण आहे: आम्हाला वरून दोन आवाज ऐकू येतात. २०१० मध्ये एफडीएनं क्लोपिडोग्रेलवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या हृदयविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी सांगितलं की सरसकट चाचणी करावी इतका पुरावा नाही. २०२० मध्ये टेलर-पीसीआय या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. चाचणी बघून औषध दिलेल्या गटात त्रास ३४ टक्क्यांनी कमी, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात हुकलं. एक गट म्हणतो बघा फायदा, दुसरा म्हणतो बघा सिद्ध झालं नाही. मधल्या डॉक्टरनं काय करायचं?

रेवा_औषधशास्त्र

@कृष्णाकाठ, नेमकं लिहिलंत. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचंही तेच झालं. २०१३ मध्ये दोन मोठे अभ्यास एकाच वेळी आले, युरोपातल्यात जनुक बघून डोस ठरवण्याचा फायदा दिसला, अमेरिकेतल्यात दिसला नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पेशंटांचे डोस तर उलट बिघडले, कारण डोसाचं गणित मुख्यतः गोऱ्यांत आढळणाऱ्या बदलांवर बेतलेलं होतं. आपल्याकडे ज्यांच्या झडपा बदलल्या आहेत त्यांच्यापैकी कितीतरी जण वॉरफरिनवर नाही, अ‍ॅसिट्रॉम या त्याच कुळातल्या औषधावर असतात. म्हणजे तो पुरावा आपल्याला लावायचा तर तिथून सुरुवात.

एक मात्र मला खटकत आलंय. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंड मंदावलेलं, दिसलं की आपण औषधाचा डोस कमी करतो. त्यासाठी हजारो पेशंटांची चाचणी झाल्याचा दाखला कुणी मागत नाही, कारण औषध शरीराबाहेर कसं जातं हे माहीत आहे. जनुकाच्या रिपोर्टला मात्र आपण वेगळी, कडक फूटपट्टी लावतो. ती खाली आणा असं सरसकट म्हणत नाही, पण जिथे इजा भयंकर आणि पर्यायी औषध हाताशी आहे, तिथे तरी ती का लावावी?

वाईकर_जीपी

मी फॅमिली डॉक्टर. शहरातल्या तज्ज्ञांना दिसणार नाही अशी एक अडचण सांगतो. चाचणी लिहिली की पेशंटच्या नातेवाइकाच्या डोळ्यांत एकच प्रश्न दिसतो: यात डॉक्टरचा कट, म्हणजे कमिशन, किती?

महाराष्ट्रात कट प्रॅक्टिसनं विश्वासाची जी वाट लावली आहे त्याची किंमत प्रामाणिक डॉक्टरलाही मोजावी लागते. २०१७ मध्ये सरकारनं त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा केला, यावरूनच दुखणं किती खोल आहे ते कळतं. दोन-चार रुपयांची गोळी सुरू करण्याआधी काही हजारांची, नाव न उच्चारता येणारी तपासणी लिहिली तर गावात बोभाटा होतो. सीबीसी, शुगर, थायरॉईड चालतं, कारण ते लोकांनी ऐकलेलं असतं. त्यात मेडिक्लेम ओपीडीच्या तपासण्यांना सहसा पैसे देत नाही. पैसा पूर्ण पेशंटच्या खिशातला.

दुसरं, एका पेशंटला मी किती मिनिटं देऊ शकतो? त्यात जनुक म्हणजे काय, ही चाचणी कॅन्सरची नाही, मुलीच्या लग्नात अडचण येणार नाही, हे सगळं सांगायचं. हो, हा प्रश्न विचारतात. "घराण्यात काही निघालं तर?" मला त्यात काही चूक वाटत नाही, आपल्या समाजात तो प्रश्न खरा आहे.

पिपेट

लॅबच्या बाजूनं. सात वर्षांपूर्वीचे आमचे रिपोर्ट आज मी काढून बघते तेव्हा मला डॉक्टरांची दया येते. वर "सीवायपी२सी१९ स्टार टू / स्टार टू" (म्हणजे दोन्ही प्रती कमजोर), खाली संदर्भांची रांग, आणि डॉक्टरनं काय करायचं याचा एक शब्द नाही. रात्री फोन यायचे, "मॅडम, हे पॉझिटिव्ह म्हणायचं का निगेटिव्ह?" रास्त प्रश्न होता.

आता आम्ही पहिल्या ओळीत लिहितो: "क्लोपिडोग्रेल या पेशंटमध्ये पुरेसं काम करणार नाही. शक्य असल्यास पर्यायी औषध." बाकीचं खाली. हा बदल केल्यापासून काही डॉक्टर स्वतःहून पुन्हा नमुने पाठवायला लागले.

अजून एका गोष्टीनं फार नुकसान केलंय. "तुमचा डीएनए सांगेल कोणता व्यायाम करावा, कोणता डाएट" अशी पॅकेजेस विकणाऱ्यांनी त्याच पानावर औषधांचाही एक तक्ता जोडला. भक्कम पुरावा असलेली चार औषधं आणि काहीच पुरावा नसलेली चाळीस, सगळी लाल-पिवळ्या-हिरव्या रंगात शेजारी शेजारी. डॉक्टरनं असं एक पुस्तक पाहिलं की पुढचा चांगला रिपोर्टही तो बाजूला ठेवतो. मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं.

सोनटक्का

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस, मोठ्या आतड्याचा आजार. लिहू की नको असं वाटत होतं, पण वरच्या चर्चेत माझी गोष्ट बसते.

स्टिरॉईड बंद करता यावीत म्हणून मला अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करायचं ठरलं. माझे डॉक्टर काळजी घेणारे. त्यांनी आधी जनुकाची चाचणी करायला सांगितली, टीपीएमटी. रिपोर्ट नॉर्मल आला. आम्ही निर्धास्त. पूर्ण डोस सुरू झाला.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी उशीवर केसांचा पुंजका होता. वेणी घालायला घेतली तर केस मुळापासून हातात येत होते, ओढावेही लागत नव्हते. दोन दिवसांत टाळूवर थोडेच उरले. मग ताप, घशात फोड. पांढऱ्या पेशी हजाराच्या खाली गेल्या होत्या. आठवडाभर वेगळ्या खोलीत ठेवलं. नंतर दुसऱ्या लॅबमधून एनयूडीटी१५ नावाची चाचणी झाली, त्यात दोन्ही प्रती सदोष निघाल्या.

मला कुणाला दोष द्यायचा नाही. पण चाचणी करूनही असं होत असेल तर डॉक्टरांनी विश्वास कशावर ठेवायचा? माझ्या डॉक्टरांनी नंतर हेच बोलून दाखवलं.

रेवा_औषधशास्त्र

@सोनटक्का, ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

टीपीएमटी हे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत अभ्यासलेलं आणि तिथे उपयोगी ठरलेलं जनुक. पाठ्यपुस्तकांत तेच आलं, मीही वर्षानुवर्षं तेच शिकवत आले, लॅबनीही तीच चाचणी ठेवली. भारतीयांत त्याचे सदोष प्रकार तुलनेनं कमी. एनयूडीटी१५ चा संबंध २०१४ मध्ये कोरियन पेशंटांत उलगडला. आशियातल्या लोकांत, आपल्यातही, या औषधानं पांढऱ्या पेशी कोसळतात त्यामागे अनेकदा हेच असतं. केस असे अचानक जाणं ही तर त्याची खूणच. रक्ताच्या कॅन्सरच्या लहान मुलांना मर्कॅप्टोप्युरिन देतात, तेही याच कुळातलं, त्यामुळे तिथेही हाच धोका.

तुमच्या डॉक्टरांना चाचणीचं महत्त्व पटलं होतं, त्यांनी ती केलीही. त्यांच्या हातात दिलेली चाचणीच आपल्या लोकांसाठी अपुरी होती. परक्या लोकसमूहावर बेतलेली चाचणी आपल्यावर वापरणं हा अडथळा "जागृती"नं सुटणारा नाही. आयजीआयबी या दिल्लीच्या जीनोम संशोधन संस्थेनं हजारावर भारतीयांचे संपूर्ण जीनोम वाचले, मग जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार. हे काम म्हणूनच मोलाचं आहे. त्यातून आपल्यासाठी कोणत्या चाचण्या हव्यात याची छोटी, पक्की यादी निघून ती लॅबच्या काउंटरपर्यंत यायला हवी.

मंजिरी_उत्रेख्त

इथे नेदरलँड्समध्ये औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. आमच्याकडचं सांगते.

२००५ मध्ये इथल्या फार्मासिस्ट संघटनेनं एक कार्यगट नेमला. कोणतं जनुक, कोणतं औषध, डोस किती बदलायचा, हे तो ठरवतो आणि त्या सूचना देशभरच्या औषधांच्या संगणकीय यादीत जातात. डॉक्टर आणि दुकानं तीच यादी वापरतात. पेशंटचा रिपोर्ट एकदा नोंदला की चुकीचं औषध लिहिल्यावर माझ्या स्क्रीनवर सूचना येते. मी डॉक्टरला फोन करते. डॉक्टरला काहीही पाठ असावं लागत नाही.

औषध लिहिताना चाचणी मागवायची, की आधीच करून ठेवायची, हा मुख्य फरक आहे. २०२३ मध्ये प्रीपेअर या अभ्यासाचा निकाल लॅन्सेटमध्ये आला, सात युरोपीय देश, ६,९४४ पेशंट. बारा जनुकं एकदमच तपासली आणि पेशंटच्या पाकिटात कार्ड दिलं. औषधांचे त्रास सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. @कृष्णाकाठ यांचा रात्री दोनचा पेशंट असं कार्ड घेऊन आला असता तर?

इथेही सगळं आलबेल नाही. सूचना फार झाल्या की डॉक्टर न वाचता बंद करतात. कॅपेसिटाबिन आणि फ्लोरोयुरॅसिल या कॅन्सरच्या औषधांआधी डीपीडी या एन्झाइमची कमतरता आहे का ते बघा, असं युरोपच्या औषध संस्थेनं २०२० मध्ये सांगितलं, तोवर युरोपात कितीतरी ठिकाणी ते होत नव्हतं.

कृष्णाकाठ

कार्ड असतं तर वापरलं असतं, शंभर टक्के. फक्त त्या अभ्यासात कुणाची चाचणी झाली आहे हे पेशंट आणि डॉक्टर दोघांना ठाऊक होतं, त्यामुळे त्रासाच्या नोंदींवर थोडा परिणाम झालेला असू शकतो. तरी दिशा पटते.

पण आमच्याकडे यादी कुठली आणि स्क्रीन कुठली? पेशंट प्लास्टिकच्या पिशवीत फाइल आणतो, त्यात तीन हॉस्पिटलांचे कागद, निम्म्यांवरचं अक्षर वाचता येत नाही.

गोदातीर_भूलतज्ज्ञ

चाचणी नसताना, संगणक नसताना जनुकं बघून औषध देणारे आम्ही भूलवाले आहोत! नांदेड-परभणी भागात काम करणाऱ्याला हे नवीन नाही.

नळी घालण्याआधी स्नायू सैल करायला स्कोलीन देतात. त्याचा परिणाम काही मिनिटांत उतरतो, कारण रक्तातलं एक एन्झाइम ते मोडून टाकतं. आर्य वैश्य समाजात या एन्झाइमच्या जनुकातला एक ठरावीक बदल इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो. पिढ्यान्‌पिढ्या समाजातच लग्नं होत आल्यानं तो टिकला. ज्याच्या दोन्ही प्रती तशा असतात त्याचा श्वास तासन्‌तास परत येत नाही. व्हेंटिलेटर चालू ठेवून, झोपवून ठेवून वाट बघावी लागते. म्हणून आम्ही आधीच विचारतो, "घरात कुणाला ऑपरेशननंतर श्वास यायला फार वेळ लागला होता का? मशीनवर ठेवावं लागलं होतं का?" शंका आली तर स्कोलीन नाही, रोक्युरोनियम. बास.

हे का जमलं? मला वाटतं, कारण परिणाम आमच्याच डोळ्यांसमोर, त्याच टेबलावर दिसतो. सोनटक्काताईंचे केस गेले ते घरी. कार्बामाझेपिनची कातडी सुटते ती स्किनच्या वॉर्डात, गोळी लिहिणाऱ्याला कधी कधी कळतही नाही. ज्यानं औषध लिहिलं त्याच्यापर्यंत बातमी परत गेली पाहिजे.

सातपुडा

नंदुरबारकडे आरोग्य कार्यक्रमात काम केलंय. कार्डाचं मंजिरीताईंनी लिहिलं ते इथे अशक्य नाही. सिकलसेलसाठी पाड्यापाड्यांवर रक्त तपासून लोकांना कार्डं दिली आहेत. ती साधी, स्वस्त तपासणी असते, डीएनएची नाही, हे मान्य. पण रक्त घेणं, नोंद ठेवणं, कार्ड देणं आणि ते सांभाळायला शिकवणं हे सगळं आशाताईंनी करून दाखवलंय.

हे मुद्दाम लिहितोय, कारण रेवाताईंनी "काही समाजांत त्याहून जास्त" असं लिहिलं, त्यात खानदेशातले पावरा आदिवासी येतात. एचएलए-बी १५:०२ त्यांच्यात राज्यातल्या इतर गटांपेक्षा जास्त आढळल्याची नोंद आहे. चाचणीपासून सर्वांत लांब असलेल्या लोकांना तिची गरज सर्वांत जास्त. मग सरकारनं चाचणीची सक्तीच का करू नये?

रेवा_औषधशास्त्र

@सातपुडा, पावरांचा मुद्दा मी स्वतंत्र लिहायला हवा होता, तुम्ही भर घातलीत.

नुसत्या सक्तीबद्दल मात्र हाँगकाँगचा अनुभव बघा. तिथे २००८ पासून सरकारी रुग्णालयांत कार्बामाझेपिनआधी ही चाचणी आवश्यक केली. कार्बामाझेपिनमुळे होणारा स्टीव्हन्स-जॉन्सन जवळजवळ थांबला. पण बऱ्याच डॉक्टरांनी चाचणी केलीच नाही, कार्बामाझेपिन लिहिणंच सोडलं आणि फेनिटोइन या फिटच्याच दुसऱ्या औषधाकडे वळले. त्याचीही तशीच रिअ‍ॅक्शन येते. फिटच्या सगळ्या औषधांचा एकत्र हिशोब केला तर हा आजार कमी झालाच नव्हता.

ते डॉक्टर वाईट नव्हते. पेशंटला आज औषध हवं होतं, रिपोर्ट नंतर येणार होता. वेळेचा प्रश्न तसाच ठेवून नियम केला की माणूस आडवाट शोधतो. तैवान-सिंगापूरमध्ये पैशाची सोय नियमाबरोबरच आली. आपल्याकडे मी आधी एवढंच मागेन: सरकारी मेडिकल कॉलेजांच्या लॅबमध्ये चार चाचण्या फुकट किंवा नाममात्र दरात. एचएलए-बी १५:०२, एनयूडीटी१५, सीवायपी२सी१९, आणि मलेरियाच्या प्रायमाक्विनआधी जी६पीडी या एन्झाइमची. रिपोर्ट तीन दिवसांत, पहिली ओळ @पिपेट यांच्यासारखी. आणि तो येईपर्यंत कोणतं औषध द्यायचं, हेही त्याच फॉर्मवर छापलेलं. फिटसाठी लेव्हेटिरासिटाम आहेच की.

वाईकर_जीपी

सरकारी लॅबचा शिक्का असेल तर कटाचा संशयही येणार नाही. मी लिहीन.

सोनटक्का

एक विचारायचं होतं. माझा तो रिपोर्ट मी कुठे आणि कसा ठेवू? आणि धाकट्या भावाची चाचणी करून घेऊ का? त्याला काही आजार नाही.

रेवा_औषधशास्त्र

प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर, जिथे पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहितात तिथे, लाल पेननं लिहा: "एनयूडीटी१५ च्या दोन्ही प्रती सदोष. अ‍ॅझाथायोप्रिन आणि मर्कॅप्टोप्युरिन देऊ नये. पर्याय नसेल तर अगदी कमी डोस, तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली." रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, घरातल्या एकाकडे तरी पाठवा. नवीन डॉक्टर दिसला की विचारायची वाट न बघता दाखवा. जनुक बदलत नाही, त्यामुळे चाचणी पुन्हा करायची गरज नाही.

भावाच्याही दोन्ही प्रती सदोष असण्याची शक्यता निदान चारात एक. आज त्याला या औषधाची गरज नाही, तेव्हा घाईनं खर्च करू नका. त्याच्या कागदांवर फक्त "बहिणीला एनयूडीटी१५ दोष" एवढं लिहून ठेवा. कधी हे औषध द्यायची वेळ आली तर गोळी सुरू होण्याआधी चाचणी.